हातभर पाईप

चारोळीची पिशवी धनराजच्या हातात ठेवत कंडक्टर म्हणाला, "घ्या भाऊ, जंगूनं पाठोली. अन् निरोप हाये, गाडी एकदम मक्खन चालून राह्यली. असा कारागीर पुऱ्या चांद्यात नाई म्हणे." एवढं बोलून तो तिकिटाची मशीन पोटावरून बाजूला सरकवत चहाच्या गाड्याकडे निघून गेला. आपण एका माणसाला भर बसस्थानकात मुस्काटात मारून आलो आहोत, याची त्याला कल्पना असण्याचं कारण नव्हतं. धनराज ढवस भामरागडच्या गाडीच्या सावलीत पिशवी छातीशी धरून उभा राहिला. मे महिना होता. चंद्रपूरचा, म्हणजे चांद्याचा, उन्हाळा यंदा देशात पहिला आला की दुसरा, याची बातमी पेपरात येते आणि घरातलं पोर बोर्डात आल्यासारखे गावातले लोक ती एकमेकांना वाचून दाखवतात. त्या उन्हात धनराजच्या हातावर काटा आला. जंगूनं शिव्या पाठवायला हव्या होत्या. शिव्यांची त्याला सवय होती. वरोरा नाक्यावरच्या त्याच्या गॅरेजात त्या रोज येत आणि चहाबरोबर जिरत. ही पिशवी जिरण्यातली नव्हती. त्यानं पिशवीचं तोंड सोडून आत पाहिलं. चारोळी निवडलेली होती, एक खडा नाही, एक टरफल नाही. जंगूच्या बायकोचं, मंगलीचं, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती बिचारी एका डोळ्यानं दाणा दाणा निवडत बसली असणार. हे चित्र त्यानं स्वतःच रंगवलं आणि स्वतःच त्याला घाबरला.

गोष्ट फक्त हातभर पाईपाची होती. हे वाक्य तो स्वतःशी इतक्या वेळा बोलला होता की आता त्याला चाल लागली होती, स्कूटरच्या आवाजावर ते आपोआप म्हटलं जायचं. जटपुरा गेटापाशी कोळशाच्या ट्रकमागे अडकून तो उभा राहिला आणि फक्त हातभर, फक्त हातभर, असं स्कूटर म्हणत राहिली. जंगू पुंगाटी हा पेरमिलीच्या पलीकडचा. लिलावात घेतलेल्या जुन्या पेट्रोल जीपवर तो सवाऱ्या वाहायचा. आठवडी बाजाराला, लग्नाला, हेमलकशाच्या दवाखान्यात. जीप म्हातारी झाली, आणि एक दिवस इंजिनानं कायमचा राम म्हटला. धनराजनं तिच्यासाठी अपघातात चेपलेल्या एका व्हॅनचं इंजिन शोधून काढलं. इंजेक्शनचं. व्हॅनमध्ये ते सीटखाली आडवं पडून काम करायचं, सरकारी माणसासारखं. जीपमध्ये त्याला उभं राहायला शिकवायचं होतं. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल पाझरत पाझरत येतं, आलं तर आलं. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप त्याला असा ढकलतो की ते पाईपातून छाती काढून येतं. म्हणून त्याचा पाईपही वेगळा लागतो, आतून विणलेला, दाब सोसणारा. हे धनराजला माहीत होतं. सगळ्या नाक्याला हे त्यानंच सांगितलं होतं. माहीत नसतं तर आज तो घरी जाऊन निवांत जेवला असता.

आधी त्यानं पाण्याचे पाईप बसवले. रेडिएटरमधून इंजिनात, इंजिनातून रेडिएटरमध्ये, मोठ्या जाड पाईपांचा सरळ संसार. मग उरल्या त्या हीटरच्या दोन बारीक नळ्या. चांद्यात हीटरचं काय करायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथल्या मिस्त्रीकडे कुठलीही गाडी आली की पहिलं काम हीटर उपटण्याचं, आणि त्याच्या दोन नळ्यांची तोंडं एकाच वाकड्या पाईपानं एकमेकांना जोडून द्यायची. गरम पाणी एकीतून निघतं, दुसरीतून परत येतं, कुणाला काही न देता. धनराजनं हे इतक्या वर्षांत इतक्या गाड्यांत केलं होतं की हात आपोआप चालले. वाकडा पाईप ड्रायव्हरच्या पुढच्या पत्र्याजवळ डावीकडे मांडी घालून बसला, तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं की पेट्रोलच्या लाईनची ठरवलेली जागा तीच होती. गरम पाण्याला पेट्रोल चिकटवून चालत नाही. पाण्याचा पाईप खाली उतरवून नव्यानं बसवला असता तर काम झालं असतं. पण सगळ्या क्लिपा आवळून झाल्या होत्या, कूलंट भरून झालं होतं, आणि बाहेर लोक जमायला लागले होते. त्यानं पेट्रोलची लाईन उजवीकडून नेली. उजवीकडे सायलेन्सरचं तोंड होतं, मॅनिफोल्ड, जे तापलं की काळोखात लालसर दिसतं. लाईन त्याच्यावरून वळसा घेऊन गेली, आणि वळशासाठी विणलेला पाईप हातभर कमी पडला.

नागपूरहून दुसऱ्या दिवशी पाईप आला असता. बाकावर जंगू बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, ज्या शांतपणे तो सगळीकडेच बसतो. त्याला विचारलं असतं तर काय म्हणाला असता, हा प्रश्नच नव्हता, कारण तो न विचारताच म्हणाला होता. "काई राह्यलं असन त उद्या करा ना जी. मी थांबतो. मले काई घाई नाई." धनराजच्या सगळ्या रात्री या एका वाक्यापाशी येऊन अडायच्या. जंगूला घाई असती, त्यानं कटकट केली असती, घड्याळ दाखवलं असतं, तर पाप वाटून घेता आलं असतं. त्या माणसानं तेवढीही सोय ठेवली नाही. घाई धनराजला होती. आज संध्याकाळी जीप चालू होणार, असं त्यानं नाक्यावर पानवाल्यापासून टायरवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. लोक त्याला आता इंजेक्शनवाले डॉक्टर म्हणत, आणि तो नको नको म्हणत थोडा जवळ सरकून ते ऐकत असे. पोरगी दिव्यानी मोबाईल आडवा धरून तयार होती. त्यानं जीपच्या जुन्या सामानातून जंगूचाच जुना पाईप उचलला, कार्बोरेटरच्या काळातला, साधा. हातभर कापला. दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या, अंगठा दुखेपर्यंत. तात्पुरता आहे, जंगूला सांगू, आठ दिवसांनी ये म्हणू. जीप पहिल्याच चावीला चालू झाली. चाकाखाली लिंबू फुटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टी मारली. धनराजनं जंगूला सांगायला तोंड उघडलंच होतं. नेमकी तेव्हाच दिव्यानी म्हणाली, "पप्पा, इकडं पाहा, हसा." तो हसला. नंतर ते सांगायचं राहिलं. माणसाच्या आयुष्यातली बरीचशी पापं हसण्याच्या नादात राहून गेलेली असतात, असं त्याला पुढे एका जाग्या रात्री वाटलं, आणि हे आपल्याला छान सुचलं म्हणून जरा बरंही वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली.

व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला. सगळ्यात जास्त वेळा धनराजनं पाहिला. संडासात, दुकानात गिऱ्हाईक नसताना, जेवताना मोबाईल मांडीवर ठेवून. त्याला एकच पाहायचं होतं, तो हातभर पाईप दिसतो का. दिसत नव्हता. बॉनेट उघडं, इंजिन धडधडतंय, कॅमेरा हळूहळू उजवीकडे येतो, आणि नेमक्या त्या जागी धनराजचा स्वतःचा अंगठा वर आलेला. लोकांनी त्या अंगठ्याखाली अंगठे पाठवले होते. एकानं, कुठल्या तरी लांबच्या माणसानं, हिंदीत विचारलं होतं, फ्यूल लाईन किस तरफ से ली? धनराजनं त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. प्रश्न विचारणाऱ्या माणसाला नमस्कार करून गप्प करण्याची ही नवी रीत मोबाईलनं आणली, तिचे त्यानं मनोमन आभार मानले.

घरी रंजीतानं पिशवी उघडून वास घेतला. "अगं बाई! केवढी चारोळी. इथी मिळते का अशी?" ती हरखून गेली. "किती जीव लावते जी ते लोक! तुमी काय केलं एवढं त्याईचं?" धनराज म्हणाला, "काई नाई." हे त्याच्या तोंडून त्या दिवशी निघालेलं एकमेव संपूर्ण खरं वाक्य होतं. रंजीतानं दुधात चारोळी टाकली, ती वर तरंगत राहिली, आणि त्या दुधाकडे पाहताना त्याला आष्टीचा रस्ता आठवला. तो तेव्हा रामाजी मिस्त्रीकडे कामाला होता. असंच ऊन, अशीच एक पेट्रोल गाडी, वैनगंगेच्या पुलाआधी धापा टाकून थांबलेली. उन्हात पाईपातल्या पेट्रोलची वाफ होते, मग इंजिनाला घोट मिळत नाही, ते उचक्या देत मरतं. रामाजी खाली उतरले, आपल्या धोतराचा सोगा टर्रकन फाडला, पाण्यात बुचकळला आणि पंपावर, पाईपावर गुंडाळला. थोड्या वेळानं गाडी चालू झाली. रामाजींचं एका पोटरीवर उघडं पडलेलं धोतर वाऱ्यावर फडफडत राहिलं आणि सगळे हसत राहिले. ओल्या फडक्याचा तो गंध, गरम लोखंडावर पाण्याची चर्र, ते धनराज कधी विसरला नाही. पुढे हीच विद्या त्यानं स्वतः जंगूला शिकवली, जुन्या जीपच्या काळात. पेट्रोलचा वास आला, गाडीनं उचकी दिली, की उतर, फडका ओला कर, पाईपावर बांध. जंगूनं ती अशी मनावर घेतली होती की जीपमध्ये पाण्याची बाटली आणि सुती फडका हे दोन देव कायम समोरच ठेवलेले असत.

दूध निवलं. साय धरली.  कार्बोरेटरच्या गाडीवरचा ओला फडका हे औषध होतं. पण साधा पाईप इंजेक्शनच्या दाबाखाली, मॅनिफोल्डच्या झळीत, आधी मऊ पडतो. मग त्याला घाम फुटतो, पेट्रोलचा. वास येतो. वास आला की जंगू उतरणार. फडका ओला करणार, बांधणार, पक्की गाठ मारणार. त्यातलं पाणी वाळून जाणार आणि पेट्रोल मात्र झिरपत राहणार. खाली लालसर तापलेलं लोखंड, वर पेट्रोलनं भिजलेला फडका. वात. आपण त्या जीपमध्ये एक वात लावून ठेवली आहे, आणि ती पेटवायची विद्याही आपणच दिली आहे.

"दूध घ्या ना," रंजीता म्हणाली.

"पोटात जागा नाई."

"सकाळपासून काई खाल्लं नाई, अन् जागा कशानं भरली?"

फोन त्यानं आजवर केला नव्हता असं नाही. केला होता. जंगूच्या गावात नेटवर्क नाही, ते रस्त्याच्या चढावर एका ठिकाणी मिळतं, आणि जंगू तिथं बहुतेक संध्याकाळी सवाऱ्या घेऊन परतताना थांबतो, हे धनराजला ठाऊक होतं. म्हणून तो सकाळी फोन करायचा. पलीकडची बाई गोड आवाजात सांगायची की आपण ज्यांच्याशी संपर्क करू इच्छिता ते कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहेत. धनराज मान हलवायचा. आपण प्रयत्न केला. आता नेटवर्कच नाही त्याला कोण काय करणार? सरकारनं टॉवर उभारावेत. त्या बाईवर त्याचा जीव जडत चालला होता. एवढ्या रोजच्या माफीनाम्यावर शिक्का मारणारी दुसरी कोण होती? पण त्या दिवशी दूध तसंच ठेवून तो गच्चीवर गेला, ऊन उतरलं होतं, वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर सरळ उभा होता, वारा नव्हता, आणि त्यानं संध्याकाळी फोन लावला. तो कव्हरेजवाल्या बाईची वाट पाहत होता. फोन वाजला. त्याला क्षणभर फसवलं गेल्यासारखं वाटलं.

"जोहार भाऊ! भेटली का चारोई?" जंगूचा आवाज, मागं बायामाणसांचा कलकलाट, एक लहान मूल रडतंय.

"भेटली. जंगू, कुठी हायेस?"

"चढावर. गाडी फुल हाये. मंगलीले डोये दाखवाले नेऊन राह्यलो हेमलकशाले, आज तिथीच राहू, उद्या सकाळी डॉक्टर पायते. बाकीचे उद्याच्या बाजाराचे. गाडी तं मक्खन हाये भाऊ. खाली जराशी उचकी देल्ली अन् पेट्रोलचा वास आला, तं मंग तुमी शिकोलं तसं केलं. ओला फडका बांधला पाईपाले. मस्त चालून राह्यली."

 शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कुर्डया उचलत होतं, पाटावरून सुटताना होणारा त्यांचा बारीक आवाज धनराजला स्पष्ट ऐकू आला. "बंद कर," तो म्हणाला. "गाडी बंद कर. आत्ता. सगळ्याईले खाली उतरव. दूर उभं कर. फडका काढू नको, हातच लावू नको, थंडी होऊ दे."

"काऊन जी?"

हीच ती जागा होती. समोर मोकळं मैदान, एका वाक्यात ओलांडता आलं असतं. धनराजनं श्वास घेतला, आणि त्याच्या तोंडून निघालं, "कंपनीचा फोन आला होता. तो पाईप खराब निघाला म्हणे. त्याईनं सगळे वापस बोलावले."

 जंगू म्हणाला, अगदी मनापासून, "बापरे. कंपनीले आपली एवढी काळजी हाये?"

"हाये ना," धनराज म्हणाला. "मी येतो उद्या सकाळच्या गाडीनं. तोवर चावी लावू नको."

"नाई लावत. पन मंगलीची..." जंगू थांबला. "जाऊ द्या. तुमी सांगतलं म्हंजे झालं."

विणलेला पाईप त्याच्या दुकानात फळीवर कधीचा येऊन पडला होता. नागपूरहून दुसऱ्याच दिवशी आला होता, कागदात गुंडाळलेला, वेळेवर, शरम आणणाऱ्या वक्तशीरपणानं. तो गळ्यात वेटोळं करून धनराज सकाळच्या बसमध्ये बसला. शेजारचा म्हातारा त्या वेटोळ्याकडे पाहून म्हणाला, "सर्पमित्र का?" धनराज नाही म्हणाला. बल्लारशाच्या पुढं कागद कारखान्याचा वास, मग गोंडपिंपरी, मग दोन्ही बाजूंनी पानं गळालेला साग, आणि मध्येच मोहाची नवी तांबूस पालवी. खिडकीतून भट्टीसारखा वारा. तो कबुलीजबाब जुळवत होता. गोंडपिंपरीपर्यंत तो फार चांगला होता: मी जाणूनबुजून चुकीचा पाईप लावला, नाव व्हावं म्हणून. आष्टीचा पूल ओलांडताना त्यात 'नाइलाजानं' हा शब्द आला. आलापल्लीला चहा घेईस्तोवर नागपूरचा दुकानदार आत शिरला, ज्यानं पाईप हातभर कमी पाठवला होता. पाठवला नव्हता, पण पाठवू शकला असता. पुढच्या जंगलात हीटर बनवणारे लोक आले, ज्यांना चांद्याचं ऊन माहीत नव्हतं. असं होता होता पेरमिलीच्या अलीकडे धनराज या प्रकरणात जवळजवळ बळी ठरला. तेवढ्यात बस एका खड्ड्यात आपटली, पाईपाचं वेटोळं त्याच्या हनुवटीवर बसलं, आणि सगळे साक्षीदार पळून गेले. उरलं तेच. मी थांबतो. मले काई घाई नाई.

चढावर जीप रस्त्याच्या कडेला मोहाखाली उभी होती. तिच्यापासून बरीच दूर, सांगितलं होतं तशी, माणसं बसली होती. बाजाराला निघालेले लोक गाठोडी उशाला घेऊन रात्रभर तिथंच राहिले होते. कुणी चालत घरी गेलं नव्हतं, कारण ढवसभाऊ येतो म्हणाले होते. मंगली काळा चष्मा लावून बसली होती, हातात दवाखान्याची पिशवी. तिची वेळ सकाळची होती, ती केव्हाच टळली होती. धनराजनं तिच्याकडे पाहिलं तेव्हा त्या काळ्या काचांत त्याला स्वतःचं तोंड दोनदा दिसलं. "जोहार," तो म्हणाला. सगळ्यांनी जोहार केला. कुणी उशिराचं बोललं नाही. कुणी एक जरी बोललं असतं तरी त्याला आधार वाटला असता.

त्यानं बॉनेट उचललं. फडका तिथंच होता, पाईपावर घट्ट गुंडाळलेला, जंगूची पक्की गाठ. पाणी उडून गेलं होतं. उरलेल्या वासानं डोळ्यांत पाणी आलं, निदान वासानंच आलं असं त्यानं ठरवलं. खालचं एक टोक मॅनिफोल्डला टेकत होतं. ते टोक तपकिरी झालं होतं, पोळी जास्त वेळ तव्यावर राहिली की होते तसं. पेटलं नव्हतं. अजून एक चढ, अजून थोडी गरमी, एवढंच कमी पडलं होतं. वाकलोच आहोत म्हणून तो कामाला लागला. फडका काढला, दूर दगडाखाली ठेवला. साधा पाईप बोटांत दाबून पाहिला, तो शिजलेल्या भेंडीसारखा दबला. मग त्यानं जे पहिल्या दिवशी करायचं होतं ते केलं. कूलंट डब्यात उतरवलं, हीटरच्या नळ्यांचा वाकडा पाईप सोडवला, लहान केला, खाली वळवून बसवला. डावीकडची जागा मोकळी झाली. पेट्रोलची सगळी लाईन उजवीकडून उचलून तिथून नेली, मॅनिफोल्डपासून लांब, गरम पाण्यापासून लांब, पत्र्याला घासणार नाही अशी रबर घालून. क्लिपा आवळल्या. हे करायला एवढाच वेळ लागतो, हे त्याला प्रत्येक क्लिपेगणिक कळत होतं. चावी लावली, पंपानं गुणगुण केली, इंजिन चालू झालं. त्यानं सगळीकडे कोरडं बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

म्हाताऱ्या बायांनी पानाच्या द्रोणात आंबील आणली. मंगली माडिया बोलीत काहीतरी बोलली, हात धनराजच्या दिशेनं करून. जंगूनं सांगितलं, "ते म्हणून राह्यली, दवाखान्याची तारीख दुसरी भेटते, पन चांद्याहून आपल्यासाठी धावत येनारा मानूस नाई भेटत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. द्रोण त्याच्या हातात होता, गार, आंबूस वासाचा. तो पिता आला असता तर पुढचं काही झालं नसतं. कंपनीनं पाईप परत बोलावला, मिस्त्री आला, पाईप बदलला, सगळे सुखी. धनराजनं द्रोण खाली ठेवला.

"जंगू, ऐक," तो म्हणाला.  "कंपनीनं काई सांगतलं नाई. कंपनी नाईच त्याच्यात. पाईप कमी पडला होता, मी तुझाच जुना कापून लावला. चालत नाई, हे मले मालूम होतं. तू थांबतो म्हणत होता. मीच नाई थांबलो. लोक जमले होते." एवढं तो सलग बोलला. बसमध्ये जुळवलेलं यातलं काहीच नव्हतं.

 जंगूच्या चेहऱ्यावर राग आला नाही, दुसरंही काही आलं नाही. माणसं वाट पाहत होती, एका म्हाताऱ्यानं काय म्हणून विचारलं. जंगू त्यांच्याकडे वळला आणि दोन-चार शब्द बोलला. फारच थोडे. म्हातारा हसला, उठून आला आणि धनराजच्या खांद्यावर थाप मारली. मंगलीनं खाली ठेवलेला द्रोण चाचपून उचलला आणि पुन्हा त्याच्या हातात दिला.

"काय सांगतलं तू त्याईले?" धनराजनं विचारलं.

"सांगतलं, कंपनी बेकार हाये, ढवसभाऊ चांगले हायेत."

"अरे पन मी..."

"मंग काय सांगू?" जंगू खालच्या आवाजात म्हणाला. तो जीपकडे पाहत होता, तिच्या रंग उडालेल्या दाराकडे, मागच्या फळीकडे. "खरं सांगतलं तं उद्या कोन बसन हिच्यात? पोरासोराले घेऊन कोन येईन? तुमी तं बोलून मोकये झाले भाऊ. बस पकडान अन् चांद्याले जान. मले हीच रोज चालवा लागते."

 धनराजनं एवढ्या लांबून जे ओझं उतरवायला आणलं होतं, ते उतरलं होतं खरं. दुसऱ्याच्या डोक्यावर. आणि तो दुसरा ते घेऊन उभा होता, गाठोडं नीट बसवतात तसं मान जराशी हलवून. आता या दोघांमध्ये हे खोटंही आलं. आजपासून जंगूला प्रत्येक सवारीला हसून बसवायचं होतं.

"चला," जंगू मोठ्यानं म्हणाला, आणि तेच माडियात. माणसं उठली, गाठोडी चढली, रडणारं पोर चढलं, मंगलीला दोघींनी हाताला धरून बसवलं. आज नाही तर उद्या डॉक्टर पाहतील, गेलं तर पाहिजे. कुणी बॉनेटकडे पाहिलंही नाही. त्यांनी ढवसभाऊंना पाहिलं होतं, तेवढं पुरे होतं. धनराज मागं चढायला गेला तर जंगूनं त्याला हातानं अडवलं.

"तुमी समोर बसा."

तो समोर बसला. पायाखाली इंजिनाची ऊब होती. जंगूनं चावी फिरवण्याआधी क्षणभर थांबून घेतलं, मग फिरवली. जीप उताराला लागली. मागं बायांनी गाणं धरलं, कुणीतरी म्हाताऱ्याची नक्कल केली, सगळे हसले.  समोर जंगू रस्त्याकडे पाहत नाकानं सावकाश श्वास ओढून घेत होता, सोडत होता, पुन्हा ओढत होता. धनराजही तेच करत होता. वास नव्हता. मोहाच्या पानांचा, धुळीचा, माणसांच्या घामाचा होता, पेट्रोलचा अजिबात नव्हता. हेमलकसा येईपर्यंत दोघं तो शोधत राहिले.